काळासोबत बदलणारं शहर थ्रीडी मॉडेलमध्ये कसं मांडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहराचं थ्रीडी मॉडेल हा विषय आता फक्त जीआयएसवाल्यांचा (संगणकावर नकाशे हाताळणाऱ्यांचा) राहिलेला नाही. आर्किटेक्चरची मुलं प्रकल्पासाठी नवी मुंबईतले सेक्टर उभे करतात, ठाण्यात पुनर्विकासाच्या बैठकीत बिल्डरचा माणूस लॅपटॉपवर मॉडेल फिरवून दाखवतो. पण यातलं बहुतेक प्रत्येक मॉडेल एकाच दिवसाचं असतं. शहर पुढे जातं आणि मॉडेल तिथेच राहतं. मॉडेलमध्ये काळ कसा आणायचा, याबद्दल विद्यार्थी, सर्व्हेअर, सोसायटीचे सेक्रेटरी आणि पालिकेतले अभियंते जे विचारत असतात त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं मुद्दाम ठाणे आणि नवी मुंबईचीच घेतली आहेत.

गूगल अर्थवर इमारती थ्रीडी दिसतातच. तेच मॉडेल ना?

नाही. तिथे दिसतं ते बहुतेक ठिकाणी फोटोंवरून बनवलेलं मेश असतं, म्हणजे लाखो त्रिकोण आणि त्यावर चढवलेले फोटो. डोळ्यांना ते छान दिसतं, पण इमारत कुठे संपते आणि तिला टेकलेलं झाड कुठे सुरू होतं हे त्या फाइलला माहीत नसतं. आपल्याला हवं ते मॉडेल वस्तूंचं असतं: ही इमारत, हे तिचं छप्पर, हा रस्ता, हा तलाव, आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक. तारीख जोडायची ती या वस्तूला. मेशला जोडायची म्हटली तर एकच तारीख जोडता येते, विमान किंवा ड्रोन उडाल्याची.

दर तीन-चार वर्षांनी नवं मॉडेल केलं की काळ आलाच की. वेगळं काय करायचं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात तेच केलं जातं. २०१८ चं एक फोल्डर, २०२२ चं दुसरं. काहीच नसण्यापेक्षा हे नक्कीच बरं, पण त्याच्या मर्यादा आधीच कळलेल्या बऱ्या.

पहिली अडचण, दोन मॉडेलांच्या मध्ये घडलेलं सगळं हरवतं. २०१९ मध्ये उभी राहिलेली आणि २०२१ मध्ये पाडलेली शेड कुठल्याच फोल्डरमध्ये नसते. दुसरी, जुन्या फोल्डरमधली अमुक इमारत म्हणजे नव्यातली कोणती, हे कुठेच लिहिलेलं नसतं. वाशीत सिडकोने बांधलेल्या तीन जुन्या इमारती जाऊन त्यांच्या जागी एक टॉवर आला, तर जुन्या फाइलमध्ये तीन ठोकळे दिसतात, नव्यात एक उंच ठोकळा. त्यांचं नातं माणसाच्या डोक्यात असतं आणि तो माणूस बदली होऊन जातो. तिसरी, मोजणीची पद्धत बदलली की न बदललेलं शहरही बदललेलं दिसतं. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

मग बदल नोंदवायचा कसा?

आपल्या महसूल खात्याकडे याचं उत्तर कधीपासून आहे. सातबारावरचा मालक बदलला की तलाठी आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद घालतो. तिला क्रमांक असतो, कारण असतं (खरेदी, वारस, वाटणी), तारीख असते. मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केली की सातबारावर नवं नाव येतं, जुनं नाव कंसात जातं आणि फेरफाराचा क्रमांक शेजारी लागतो. जुनं पुसलं जात नाही. कोणाला शंका आली की क्रमांक धरून मागे मागे जाता येतं.

शहर मॉडेलमध्ये अगदी हेच करायचं असतं. आजची स्थिती आणि ती कुठल्या बदलांमधून आली त्याची साखळी, दोन्ही ठेवायची. अपडेट म्हणजे जुन्यावर नवं लिहिणं, ही सवय सर्वात आधी सोडायला हवी. जुनी भूमिती ठेवायला डिस्कवरची थोडी जागा जाते. ती पुन्हा शोधून काढायला महिने जातात, आणि अनेकदा ती मिळतच नाही.

एका इमारतीला चार-चार तारखा कशासाठी?

कारण गोष्ट घडते एका दिवशी आणि आपल्याला कळते दुसऱ्या दिवशी. समजा ठाण्याच्या नौपाड्यातली एक दुमजली इमारत मार्चमध्ये पाडली. सर्व्हेअर तिथे नोव्हेंबरमध्ये पोचला आणि तेव्हा डेटाबेसमध्ये नोंद झाली. मधे ऑगस्टमध्ये कोणीतरी त्याच डेटाबेसवरून वॉर्डातल्या घरांची यादी काढली, तिच्यात ही इमारत आली. ती यादी चुकीची होती का? शहराच्या हिशेबाने होती, पण त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीच्या हिशेबाने बरोबर होती. उद्या त्या यादीवरून वाद झाला तर दोन वेगळे प्रश्न विचारता आले पाहिजेत: ऑगस्टमध्ये तिथे काय होतं, आणि ऑगस्टमध्ये आपल्या नोंदीत काय होतं.

सिटीजीएमएल ३.० मध्ये (शहराचं थ्रीडी मॉडेल लिहिण्याचं मानक, त्याबद्दल पुढे येईलच) यासाठी प्रत्येक वस्तूला तारखांच्या दोन जोड्या दिल्या आहेत. व्हॅलिड-फ्रॉम आणि व्हॅलिड-टू या प्रत्यक्ष वस्तूच्या आयुष्याच्या तारखा: शहरात ती कधीपासून कधीपर्यंत होती. क्रिएशन-डेट आणि टर्मिनेशन-डेट या डेटाबेसच्या: नोंद मॉडेलमध्ये कधी आली आणि कधी काढली. कुठली जोडी कशासाठी वापरली हे आपल्या प्रकल्पाच्या टिपणात एका वाक्यात लिहून ठेवा. दोन चमू दोन अर्थ धरतात आणि मग सगळा इतिहास गोंधळतो.

इमारत ‘अस्तित्वात आली’ ती नेमकी कधी?

फार महत्त्वाचा प्रश्न. कागदावर बघायला गेलं तर बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र म्हणजे सीसी एका तारखेला, जोत्याची तपासणी दुसऱ्या, शेवटचा स्लॅब तिसऱ्या, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी चौथ्या, आणि लोक राहायला आले पाचव्या. आपल्याकडे ओसी नसतानाही लोक वर्षानुवर्षं राहतात. ‘ओसी नाही म्हणजे इमारत नाही’ असं मॉडेल केलं तर हजारो माणसं नकाशावरून गायब होतील. उलट सीसी मिळाली की इमारत उभी झाली असं धरलं, तर अर्धवट राहिलेले सांगाडे पूर्ण टॉवर म्हणून दिसतील.

म्हणून एका तारखेत सगळं कोंबू नका. सिटीजीएमएल ३.० मध्ये बांधकामाच्या घटनांची स्वतंत्र यादी ठेवता येते: घटना कोणती, तारीख कोणती, वर्णन काय. शिवाय बांधकामाची स्थिती वेगळी लिहिता येते: प्रस्तावित, बांधकाम सुरू, वापरात, पडझड झालेली, पाडलेली. माझा आग्रह असा की स्लॅबची प्रत्यक्ष पाहिलेली स्थिती आणि परवानगीचे कागद या दोन रांगा शेजारी शेजारी ठेवाव्यात, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये. सावली, वारा, अग्निशमन यांच्यासाठी पहिली रांग लागते, कर आणि कायद्यासाठी दुसरी.

घरावर मजला चढवला. ती तीच इमारत की नवी?

इथे थोडं थांबू या, कारण संपूर्ण विषयाचा कस या प्रश्नात आहे.

सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज घ्या. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी ते रचलं. सात-सात घरांचे गट, प्रत्येक गटाच्या मधे साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचं अंगण, आणि घरांच्या भिंती शेजाऱ्याशी जोडलेल्या नाहीत. ते मुद्दाम तसं ठेवलं होतं, कारण कुटुंब वाढेल, हातात पैसा येईल तसं प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं ही मूळ कल्पनाच होती. तशी घरं वाढलीही. काहींनी खोली काढली, काहींनी मूळ घर पाडून आरसीसीचं बांधलं. या वसाहतीचं एका दिवसाचं मॉडेल म्हणजे तिच्यातला मुख्य विचारच गाळणं झालं.

आता अशातलं एक घर नोंदीत कसं दिसेल ते पाहू. वर्षं केवळ समजण्यासाठी धरली आहेत. १९८६: उतरत्या छपराचं घर, ओळख-क्रमांक अ, आवृत्ती १. १९९८: मागे एक खोली वाढवली. घर तेच, म्हणून क्रमांक अ तोच राहतो आणि आवृत्ती २ तयार होते. आवृत्ती १ पुसायची नाही, तिला शेवटची तारीख द्यायची. २०११: सगळं पाडून तीन मजली बांधलं. आता क्रमांक अ संपतो, क्रमांक ब जन्माला येतो आणि दोघांच्या मधे ‘याच्या जागी हे आलं’ अशी एक दुव्याची नोंद राहते. पाया आणि मुख्य भिंती राहिल्या तर तीच इमारत, त्या गेल्या तर नवी, असा नियम मी वापरतो. कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांवर चढलेल्या मजल्यांना तो बरोबर बसतो. तुमचा नियम वेगळा असू शकतो, पण तो एकच असावा आणि लिहिलेला असावा.

नौपाड्यातल्या पुनर्विकासात आणखी एक पदर आहे. इमारत नवी, पण सोसायटी तीच, प्लॉट तोच, राहणारेही बरेचसे तेच. म्हणून प्लॉट, इमारत, सोसायटी आणि फ्लॅट यांना चार वेगळे क्रमांक लागतात, आणि प्रत्येकाचं आयुष्य वेगळं चालतं. दोन प्लॉट एकत्र केले तर प्लॉटचं आयुष्य बदलतं, इमारती मात्र काही काळ तशाच उभ्या असतात. इमारतीच्या क्रमांकात सीटीएस नंबर (नगर भूमापन क्रमांक) किंवा सेक्टर-प्लॉट नंबर गुंफण्याचा मोह टाळा. तो रकाना शेजारी ठेवा, क्रमांक मात्र निरर्थकच असू द्या.

सिटीजीएमएल ३.० मध्ये असं नवं काय आहे?

सिटीजीएमएल हे ओपन जिओस्पेशल कन्सॉर्शियमचं मानक. १.० आवृत्ती २००८ मध्ये आली, २.० आवृत्ती २०१२ मध्ये, आणि ३.० चं संकल्पनात्मक मॉडेल २०२१ मध्ये. वस्तू कधी आली आणि कधी गेली एवढं आधीही लिहिता येत होतं. ३.० मध्ये काळासाठी दोन स्वतंत्र विभाग आले: व्हर्जनिंग आणि डायनॅमायझर.

व्हर्जनिंगमध्ये संपूर्ण शहराची आवृत्ती आणि एका आवृत्तीतून दुसरीत जाण्याचं संक्रमण, दोन्ही नोंदवता येतात, कारणासकट. हे संक्रमण नियोजित असू शकतं किंवा प्रत्यक्षात आलेलं, आणि आवृत्त्यांना फाटे फुटून त्या पुन्हा एकत्रही येऊ शकतात. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) आठवेल. ठाण्यात क्लस्टर योजनेचे (अनेक जुन्या इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाचे) तीन पर्याय चर्चेत असतील तर तिन्ही एकाच मॉडेलमध्ये वेगळे फाटे म्हणून राहू शकतात आणि मंजूर झालेला फाटा पुढे ‘प्रत्यक्षात आला’ म्हणून नोंदवता येतो. नामंजूर पर्यायही ठेवावेत असं मी आवर्जून सांगतो. पाच वर्षांनी ‘तेव्हा दुसरा काही मार्ग होता का’ असं रहिवासी विचारतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

खाडीच्या पाण्याची पातळी दिवसातून चारदा वर-खाली होते. त्याच्याही आवृत्त्या करायच्या?

नको. जिथे आकार किंवा ओळख बदलते तिथे आवृत्ती, जिथे फक्त एक आकडा सतत हलतो तिथे डायनॅमायझर. तो एखाद्या गुणधर्माला काळानुसार येणाऱ्या मूल्यांची मालिका किंवा थेट सेन्सर जोडतो. रोज तसाच फिरून येणारा आकृतिबंध एकदाच लिहून पुन्हा पुन्हा वापरता येतो. तापमान, वीजवापर, रस्त्यावरची वाहनं हे सगळं यात मोडतं.

नवी मुंबईसाठी सर्वात मोलाचं उदाहरण म्हणजे धारण तलाव, ज्यांना सगळे होल्डिंग पाँड म्हणतात. खाडीला भरती आली की फ्लॅप गेट बंद होतात आणि सेक्टरमधलं पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला ते बाहेर सोडलं जातं. जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर काय होईल, हे स्थिर मॉडेल सांगूच शकत नाही. त्यासाठी पाण्याच्या पातळीची मालिका आणि तलावाचं आकारमान, दोन्ही लागतं. आकारमानाच्या आवृत्त्या मात्र ठेवाव्या लागतात, कारण गाळ आणि खारफुटीमुळे तलाव उथळ होत जातो.

एक खबरदारी. भरतीच्या तक्त्यातले आकडे समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेले नसतात, ते चार्ट डेटमपासून असतात, म्हणजे सागरी नकाशांच्या शून्यापासून, जो जवळपास सर्वात खालच्या ओहोटीला असतो. मुंबईला या दोन शून्यांमध्ये साधारण अडीच मीटरचं अंतर आहे. तक्त्यातली ४.८ मीटरची भरती तशीच्या तशी भूपृष्ठाच्या मॉडेलवर ओतली तर अर्धी वाशी विनाकारण बुडालेली दिसेल.

निदान जमीन तरी स्थिर धरू का?

इथे तरी नको. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दलदलीत भराव पडला. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. आजच्या भूपृष्ठावर २००५ ची घरं ठेवली तर काही हवेत तरंगतील, काही भरावाखाली गाडली जातील. प्रत्येक जुन्या इमारतीसोबत त्या काळचं भूपृष्ठ हवंच.

आणि तिथे फक्त टेकडी नव्हती. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, वाघिवली, अशा दहा वस्त्या तिथून उठल्या. त्या घरांना क्रमांक, तारखा आणि नावं देऊन मॉडेलमध्ये ठेवणं तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. जुनी उपग्रहचित्रं आहेत, मोजणीचे कागद आहेत, आणि सांगणारी माणसं आज आपल्यात आहेत. हे काम आत्ता करण्यासारखं आहे.

दोन वर्षांचे सर्व्हे एकमेकांवर ठेवले तर सगळं शहरच बदललेलं दिसतं. का?

बहुतेक वेळा शहर नाही, मोजणी बदललेली असते. या क्रमाने तपासा.

उंचीचा शून्य कुठला? जीपीएस देतो ती लंबगोलावरची (पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली) उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत आपल्या भागात साठेक मीटरचा फरक पडतो. सगळं शहर एकसारखं वर किंवा खाली सरकलेलं दिसलं तर कारण हेच.

प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत) एकच आहे का? आपला भाग यूटीएमच्या ४३ उत्तर विभागात येतो. त्यासोबत संदर्भचौकटीचं वर्षही लिहून ठेवा, कारण भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. वीस वर्षांत जवळपास मीटरभर अंतर पडतं आणि लायडारच्या (लेझरने केलेल्या मोजणीच्या) अचूकतेपुढे ते मोठं आहे.

तपशिलाची पातळी सारखी आहे का? जुन्या मॉडेलमध्ये नुसते ठोकळे म्हणजे एलओडी १ आणि नव्यात छपरांसह एलओडी २ असेल तर प्रत्येक इमारत ‘बदलली’ असंच उत्तर येणार. शेवटी ऋतू. मे महिन्यातलं आणि सप्टेंबरमधलं येऊर (ठाण्यालगतचं जंगल) शेजारी ठेवलं की झाडांचा फरक इमारतींवर चढतो. गच्चीवरचे पावसाळी पत्रे आणि निळी ताडपत्री तर हमखास नवा मजला म्हणून पकडली जाते.

जुनी तारीख नक्की माहीत नसेल तर?

खोटी नेमकी तारीख घालू नका. ‘१ जानेवारी १९७५’ असं लिहिलेल्या शेकडो इमारती मी पाहिल्या आहेत, त्यामागे फक्त सॉफ्टवेअरचा सक्तीचा रकाना असतो. ‘१९७० नंतर, १९७८ पूर्वी’ असा पल्ला लिहा आणि त्याचा आधार लिहा: करआकारणीचं रजिस्टर, जुना भूमापन नकाशा, उपग्रहचित्र, घरचा फोटो. अनिश्चित आणि अंदाजे तारखा लिहिण्याची पद्धत आयएसओ ८६०१ च्या २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात दिलेली आहे. लँडसॅटची चित्रं १९७२ पासूनची आहेत. ती ढोबळ आहेत, पण खाडीचा काठ आणि भराव कळायला पुरतात. २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ च्या जोडचित्रांवरून उंचीही काढता येते.

आकार बदलला नाही, फक्त वापर बदलला तर?

तीही आवृत्तीच. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो जिंकला, इंग्रजांनी पुढे त्याचा तुरुंग केला आणि आज ते मध्यवर्ती कारागृह आहे. तटबंदी बरीचशी तीच, पण भूमिका बदलत गेल्या. वागळे इस्टेटमधल्या गाळ्यांचंही असंच: यंत्रं गेली, ऑफिसं आली. भूमिती पुन्हा काढायची गरज नाही, वापराच्या रकान्याला तारीख पुरते.

सॉफ्टवेअर कुठलं? पैसे लागतात का?

सुरुवातीला नाही. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये ३.१४ आवृत्तीपासून टेम्पोरल कंट्रोलर आहे. तारखांचे रकाने भरलेले असतील तर पट्टी सरकवून शहर उभं राहताना पाहता येतं. साठवायला पोस्टजीआयएस, आणि त्यावर थ्रीडीसिटीडीबी, तोही मुक्त स्रोत. फाइल हाताळायला सिटीजेसन सोपं पडतं. ब्राउझरमध्ये दाखवायला सीझियम.

सोसायटीला याचा काय उपयोग?

समोर टॉवर आल्यावर सोलर पॅनेलची वीज किती घटली, आणि सावली कुठल्या मजल्यानंतर पडायला लागली, हे तारखेसकट दाखवता येतं. पावसाचं पाणी आवारात कधीपासून शिरू लागलं आणि शेजारचा भराव कधी पडला, हेही जोडता येतं.

ड्रोन उडवून स्वतःच सर्व्हे करू का?

आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा पाहा. ड्रोन नियम २०२१ नुसार विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत उंचीवर मर्यादा आहेत आणि जवळच्या भागात परवानगीशिवाय उडवताच येत नाही. विमानतळामुळे नवी मुंबईच्या बऱ्याच भागाला ते लागू होतं. आणि परवानगी असली तरी लोकांच्या बाल्कन्यांचे, गच्च्यांचे फोटो जसेच्या तसे प्रकाशित करू नका.

मी एकटा आहे. सुरुवात कुठून करू?

आपल्या गल्लीतून किंवा सेक्टरमधल्या एका चौकातून. वीसेक इमारती घ्या. पायाचा आराखडा ओपनस्ट्रीटमॅपवरून किंवा स्वतः काढा, उंची मजल्यांवरून धरा आणि ‘अंदाज’ असं लिहा. रकाने हे ठेवा: कायम ओळख-क्रमांक, आवृत्ती, प्रत्यक्ष सुरुवात, प्रत्यक्ष शेवट, नोंद केल्याची तारीख, नोंद रद्द केल्याची तारीख, कशाच्या जागी आली, वापर, आधार. मग शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडे जा आणि ‘इथे आधी काय होतं’ एवढंच विचारा. ‘याच्या जागी हे आलं’ हा रकाना त्याच उत्तरांनी भरायचा आहे, उपग्रह तो भरून देत नाही.